सपाट वाघिणीची उंची

जिल्ह्याचे मुख्यालय कोळगावात आल्यापासून पालघर–बोईसर रस्त्यावरची वर्दळ वाढली आहे. या रस्त्याच्या सोबतीने जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या मार्गावरून रात्रंदिवस मालगाड्या जातात. कोळशाच्या उघड्या वाघिणी, सिमेंट आणि धान्याच्या बंद वाघिणी, तेलाच्या टाक्या अशी त्यांची रूपे लांबूनही ओळखू येतात. एका प्रकारच्या गाडीत मात्र वाघीण दिसतच नाही, दिसतात ते कंटेनर. त्यांच्या खाली चाकांवरचा एक सपाट सांगाडा असतो. त्याला भिंती नाहीत, छप्पर नाही, दार नाही. रेक, म्हणजे जोडलेल्या वाघिणींची अख्खी माळ, रिकामा जात असेल तेव्हाच हा सांगाडा नजरेला पडतो.

या सांगाड्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटण्याचे कारण आपल्या दारात आहे. मुंबईच्या जवाहरलाल नेहरू बंदरापासून उत्तर प्रदेशातल्या दादरीपर्यंतचा सुमारे १,५०० किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग, ज्याला सगळे डीएफसी म्हणतात, तो पालघर जिल्ह्यातून जातो. डहाणूजवळ वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. तारापूरची औद्योगिक वसाहत तर आधीपासून आहेच. या तिन्हींचा माल रेल्वेने जायचा असेल, तर त्यातला बराचसा सपाट वाघिणीवरून जाईल. ती वाघीण कशी असावी, कोणाची असावी आणि किती उंच असावी, यावर रेल्वेच्या जगात बरीच वर्षे मतभेद आहेत. ही चर्चा कुठवर आली आहे, ते या लेखात पाहू.

नाव आणि बांधणी

इंग्रजी ‘वॅगन’चे मराठीत ‘वाघीण’ झाले, आणि तो शब्द इतका रुळला की त्यामागचा परका उच्चार आता कुणाला आठवतही नाही. रेल्वेच्या कागदावर मात्र वाघिणीला अक्षरांची नावे असतात. सपाट वाघिणींमध्ये सर्वाधिक परिचित ती बीआरएन. तिच्यातला ‘बी’ बोगीचा, ‘आर’ रुळांचा म्हणजे रूळ वाहण्याच्या कामाचा, आणि ‘एन’ हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचा. तिच्या आधीची बीआरएच. तिच्यातला ‘एच’ जड भाराचा, आणि तिचे ब्रेक निर्वाताचे होते. निर्वाताच्या ब्रेकला वातावरणाच्या दाबापलीकडे जोर मिळत नाही, त्यामुळे गाडी लांब आणि जड झाली की तो अपुरा पडतो. हवेच्या दाबाचा ब्रेक आल्यावर पूर्ण रेक एकसंध आणि वेगाने चालवता येऊ लागला. ‘एच’च्या जागी आलेल्या ‘एन’चे महत्त्व एवढे मोठे आहे.

या वाघिणीला दोन बोगी, म्हणजे चाकांचे दोन जोडसांगाडे, आणि मिळून चार आस. जुन्या मार्गांवर एका आसाला २०.३ टनांची मर्यादा होती, म्हणून वाघीण आणि माल मिळून सुमारे ८१ टन भरत. डीएफसीवर ही मर्यादा २५ टनांची आहे, म्हणजे एकूण १०० टन. सांगाडा जितका हलका, तितका माल जास्त. भिंती आणि छप्पर नसल्याने वजन वाचते खरे, पण भिंतींमुळे मिळणारी ताकदही जाते. सगळा भार मधल्या आणि कडेच्या तुळयांवर पडतो. म्हणून सपाट वाघीण दिसायला साधी वाटली, तरी तिचा आराखडा सोपा नसतो.

रूळ, लाकूड, रणगाडे

मुंबई–सुरत मार्ग १८६४ मध्ये जोडला गेला. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या या मार्गाने आपल्या पट्ट्यातून लाकूड आणि गवत मुंबईकडे जाऊ लागले. डहाणू–तलासरीच्या जंगलातला वारली मजूर ते तोडत आणि कापत असे. त्याच मजुरीच्या प्रश्नावर १९४५ मध्ये वारल्यांचा लढा उभा राहिला. लांब ओंडका बंद डब्यात जात नाही. त्याला कडेने खुंट लावलेली सपाट गाडीच हवी. जगभर रेल्वेच्या प्रारंभी सपाट वाघीण आली ती अशा मालासाठी: लाकूड, दगड, तुळया, यंत्रे आणि स्वतः रेल्वेचे रूळ.

रुळांचे काम आजही तिच्याकडेच आहे. भिलाईच्या कारखान्यातून २६० मीटर लांबीचा जोडरूळ निघतो. तो एका वाघिणीत मावणे शक्यच नाही. तो सपाट वाघिणींच्या अख्ख्या रांगेवर पसरून ठेवतात, आणि गाडी वळणावर वळली की रूळही तिच्यासोबत वाकतो. पोलाद एवढे लवचीक असते यावर तो देखावा पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही. लष्करालाही रणगाडे आणि वाहने हलवायला सपाट वाघीण लागते, आणि त्यासाठी तिचे वेगळे प्रकार आहेत.

स्वातंत्र्यानंतर चार चाकी जुन्या गाड्यांच्या जागी बोगीच्या वाघिणी आल्या. १९५७ मध्ये स्थापन झालेली रेल्वेची संशोधन संस्था आरडीएसओ यानंतरचे आराखडे करू लागली. पुढच्या चर्चेसाठी या काळातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्याकडचा साधा रूळ १३ मीटरचा, म्हणून रूळ वाहणाऱ्या वाघिणीची लांबी त्याहून थोडी अधिक ठेवली होती. पुढे जगभर ४० फुटी कंटेनर आला, त्याची लांबी १२.१९ मीटर. तो या वाघिणीच्या पाठीवर सहज बसला, आणि २० फुटी असतील तर दोन बसले. रुळांसाठी ठरवलेले माप असे कंटेनरच्या उपयोगी पडले.

कंटेनर आला

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांनी ‘आयडियल एक्स’ या जहाजावरून ५८ कंटेनर न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवले. आधुनिक कंटेनर वाहतुकीची सुरुवात तिथून मोजतात. भारतीय रेल्वेने १९६६ मध्ये स्वतःच्या लहान पेट्यांची देशांतर्गत सेवा सुरू केली. आंतरराष्ट्रीय मापाचा कंटेनर आपल्याकडे १९७३ मध्ये कोचीन बंदरात उतरला, आणि बंदरापासून दूर देशाच्या आत कंटेनर हाताळणारा पहिला डेपो १९८१ मध्ये बंगळूरला सुरू झाला. मार्च १९८८ मध्ये कंटेनर कॉर्पोरेशन, म्हणजे कॉनकॉर, स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिचे काम सुरू झाले. न्हावाशेव्याचे, म्हणजेच जवाहरलाल नेहरू, बंदरही १९८९ चेच.

कॉनकॉरला सुरुवातीला रेल्वेकडून बीएफके जातीच्या कंटेनरवाहू सपाट वाघिणी मिळाल्या. त्या कामाला आल्या, पण उंच होत्या. त्याच सुमारास जहाजांवर साडेनऊ फूट उंचीचे कंटेनर वाढू लागले. आपल्याकडचे पूल, बोगदे आणि विजेच्या तारा आड येऊ लागल्या. त्यातून जन्मली बीएलसी. नावातला ‘एल’ ठेंगणेपणाचा. चाके लहान करून तिची पाठ रुळांपासून १,००९ मिलिमीटरवर आणली. पाच वाघिणींचा एक संच असतो. दोन टोकांना ए प्रकारच्या आणि मध्ये तीन बी प्रकारच्या. मधल्या वाघिणी ढिलाई नसलेल्या दांड्याने जोडलेल्या असतात, त्यामुळे ओढताना आणि थांबताना हिसके कमी बसतात. असे नऊ संच जोडले की ४५ वाघिणींचा रेक तयार होतो, आणि त्यावर २० फुटी मापाचे ९० कंटेनर जातात. आज आपल्या मार्गावरून जाणाऱ्या कंटेनर गाड्या बहुतांशी याच घराण्यातल्या आहेत.

उंचीशी चाललेली झुंज

सपाट वाघिणीचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास मला उंचीचा इतिहास वाटतो. लांबीचा प्रश्न रुळांनी सोडवून दिला होता. रुंदी आपल्या १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजमुळे फारशी अडत नाही. उरली उंची, म्हणजे पाठीपासून तारेपर्यंतची जागा. त्या जागेत अधिक माल बसवायला तीन वाटा निघाल्या, आणि तिन्ही अजून चालू आहेत.

पहिली वाट पाठ खाली आणण्याची. बीएलसी त्याच वाटेवरची. अमेरिकेत याच वाटेने त्यांनी मधोमध खोलगट वाघीण केली, कंटेनर दोन बोगींच्या मधल्या खळग्यात बसवला आणि त्यावर दुसरा ठेवला. तिकडचे बहुतेक मार्ग डिझेलचे, वर तार नाही, म्हणून दुमजली कंटेनर गाडी तिथे रूढ झाली.

दुसरी वाट तार वर नेण्याची, आणि आपण मुख्यतः ही निवडली. पिपावाव बंदरातून जयपूरकडे २४ मार्च २००६ रोजी दुमजली कंटेनर गाडी गेली, पण तो मार्ग डिझेलचा होता. विजेच्या तारेखालून दुमजली गाडी नेण्याचे काम पश्चिम रेल्वेने १० जून २०२० रोजी पालनपूर–बोटाद दरम्यान केले. तिथे तार साडेसात मीटरहूनही वर ताणलेली होती. पुढे पश्चिम डीएफसी पूर्णपणे याच कल्पनेवर बांधला गेला. ७ जानेवारी २०२१ रोजी त्यावरून न्यू अटेलीहून न्यू किशनगडकडे दीड किलोमीटर लांबीची दुमजली गाडी निघाली.

इथे एक हिशेब मांडतो. साडेनऊ फुटी कंटेनर २,८९६ मिलिमीटरचा. असे दोन एकावर एक, आणि खाली १,००९ मिलिमीटरची बीएलसी, मिळून ६,८०१ मिलिमीटर. पश्चिम डीएफसीवर गाडीला ७,१०० मिलिमीटर उंचीची मुभा आहे. म्हणजे सुमारे ३०० मिलिमीटर शिल्लक राहतात. हेच दोन कंटेनर १,२९० मिलिमीटर उंच पाठीच्या वाघिणीवर ठेवले तर बेरीज ७,०८२ वर जाते, आणि शिल्लक अठरा मिलिमीटर, म्हणजे बोटभर. तार कितीही वर नेली तरी ठेंगण्या पाठीची गरज संपत नाही, हे या बेरजेत दिसते. शिवाय भार जितका खाली तितका गाडीचा तोल स्थिर. खळग्याच्या वाघिणीशिवाय, सपाट पाठीवर दोन मजले चढवणे आपल्याला परवडते त्यात ब्रॉडगेजच्या रुंद पायाचा मोठा वाटा आहे.

तिसरी वाट कंटेनरच बुटका करण्याची. जुलै २०१८ मध्ये पश्चिम रेल्वेच्या राजकोट विभागाने कानालूसहून हरियाणातल्या रेवाडीकडे बुटक्या कंटेनरांची दुमजली गाडी पाठवली. हे कंटेनर ६ फूट ४ इंच उंचीचे. दोन मजले करूनही गाडी नेहमीच्या तारेखालून निघून जाते. या वाटेने देशभरच्या जुन्या मार्गांवर काहीही न बदलता अधिक माल नेता येतो. पण जहाजावरून येणारा कंटेनर बुटका नसतो. म्हणून ही वाट देशांतर्गत मालापुरती, आणि त्यातही प्लॅस्टिकच्या दाण्यांसारख्या हलक्या, फुगीर मालापुरती अधिक उपयोगी.

चाकांसकट माल

कंटेनरखेरीज सपाट वाघिणीचा आणखी एक उपयोग आहे, आणि त्यात महाराष्ट्र पुढे होता. २६ जानेवारी १९९९ रोजी कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा रो-रो सेवा सुरू केली. मालाने भरलेला ट्रक चालकासकट सपाट वाघिणीवर चढतो, साखळ्यांनी बांधला जातो आणि ४१७ किलोमीटर पुढे उतरतो. कोकणातल्या महामार्गाची वळणे आणि त्यावरचे अपघात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या सेवेचे मोल वेगळे समजवावे लागत नाही. ट्रक उतरवायला क्रेन लागत नाही, गोदाम लागत नाही, फक्त टोकाला एक उतार लागतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये गणपतीसाठी कोकण रेल्वेने हाच प्रयोग खासगी मोटारींसाठी केला. वीस वाघिणींवर चाळीस मोटारी, एका मोटारीला ७,८७५ रुपये. सुरुवातीचा प्रतिसाद थंड राहिला. कोलाडला चढून थेट गोव्यात उतरायचे, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्यांची घरे आहेत त्यांनी काय करायचे, हा प्रश्न रास्त होता. मग नांदगाव रोडला उतरण्याची सोय करण्यात आली. वाघीण तीच, गाडी तीच. सेवा चालणे न चालणे ठरले ते उतार कुठे बांधला आहे यावर.

रो-रोवर तांत्रिक आक्षेपही आहे आणि तो गंभीर आहे. ट्रक नेताना मालाबरोबर ट्रकचे इंजिन, चाके आणि सांगाड्याचे मृत वजनही रेल्वे ओढते. शिवाय ट्रक उंच असतो, आणि वाघिणीच्या पाठीवर चढला की तो आणखी उंच होतो. युरोपात यावर उपाय म्हणून अगदी छोट्या चाकांच्या वाघिणी केल्या गेल्या. पण छोटी चाके जास्त वेळा फिरतात, लवकर झिजतात, आणि देखभालीचा खर्च चढतो. जर्मनीतल्या फ्रायबुर्गपासून इटलीतल्या नोव्हारापर्यंत आल्प्स ओलांडणारी अशी सेवा २०२५ अखेर बंद करण्याचे ठरले. याउलट डीएफसीवर न्यू पालनपूर ते न्यू रेवाडी दरम्यान दुधाचे टँकर ‘ट्रक ऑन ट्रेन’ सेवेने जातात. तिथे तार उंच असल्याने पाठीच्या उंचीचा प्रश्नच येत नाही.

बोईसर, १५ एप्रिल २०२१

या साऱ्या चर्चेची खरी परीक्षा आपल्या जिल्ह्यात झाली, आणि ती फारशी कुणाच्या लक्षात राहिलेली नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी रेल्वेला विचारले, की द्रव ऑक्सिजनचे टँकर रेल्वेने नेता येतील का. रस्त्याने पूर्वेकडच्या पोलाद कारखान्यांपर्यंत जाऊन यायला दिवस लागत, आणि इस्पितळांकडे तास उरले होते. प्रश्न उंचीचाच होता. पूल आणि तारा यांच्या खालून कोणता टँकर, कोणत्या वाघिणीवर जाईल?

टी १६१८ जातीचा टँकर ३,३२० मिलिमीटर उंचीचा. डीबीकेएम जातीच्या सपाट वाघिणीची पाठ १,२९० मिलिमीटर. बेरीज ४,६१० मिलिमीटर. कागदावर हे जमत होते. १५ एप्रिलला बोईसरला डीबीकेएम वाघीण उभी करण्यात आली, द्रव ऑक्सिजनने भरलेला टी १६१८ टँकर तिथे आणला गेला, आणि रेल्वेच्या व उद्योगाच्या लोकांनी मिळून मापे घेतली. चार दिवसांनी, १९ एप्रिलच्या रात्री, सात रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस कळंबोलीहून विशाखापट्टणमकडे निघाली.

ती सरळ घाट चढून गेली नाही. ठरलेल्या मापाबाहेरच्या मालाला मुंबई विभागातल्या घाटांत परवानगी नसते, म्हणून तिला वसईमार्गे, सुरत आणि जळगावकडून वळवले गेले. म्हणजे ज्या बोईसरला मापे घेतली, त्याच बोईसरवरून आणि पालघरवरून ती गाडी पुढे गेली. १,८५० किलोमीटरहून जास्त अंतर सुमारे ५० तासांत कापले. परतीच्या वाटेवर १०० टनांहून अधिक ऑक्सिजन होता. तीन टँकर नागपूरला उतरले, चार नाशिकला. पुढच्या आठवड्यात जामनगरजवळच्या हापाहून ४४ टन ऑक्सिजन कळंबोलीला आला, तोही याच मार्गाने. काही महिन्यांत अशा गाड्यांनी देशभर ३५ हजार टनांहून अधिक ऑक्सिजन पोहोचवला. नंतर आंतरराष्ट्रीय मापाच्या कंटेनर-टाक्या मिळाल्यावर त्या कंटेनरवाहू वाघिणींवरूनही गेल्या.

त्या एप्रिलमध्ये या जिल्ह्यात ज्यांनी खाटेसाठी आणि सिलिंडरसाठी धावपळ केली, त्यांच्या दारावरून ती गाडी गेली हे त्यांना कळलेही नसेल. मला ती घटना इथे महत्त्वाची वाटते, कारण पुढच्या मतभेदात दोन्ही बाजू तिचा दाखला देऊ शकतात.

एकच वाघीण, की कामागणिक वेगळी?

रेल्वेच्या नियोजनात एक मत असे, की सर्वसाधारण सपाट वाघिणी भरपूर ठेवाव्यात. बीआरएनवर रूळ जातात, पोलादाच्या सळ्या आणि पत्रे जातात, ट्रक जातात, यंत्रे जातात. एका दिशेने एक माल, परतीला दुसरा. रिकामी फेरी कमी होते. संकटकाळी ती वाघीण कोणत्याही कामाला लावता येते. ऑक्सिजन एक्सप्रेसच्या वेळी भिंती आणि छप्पर नसलेली पाठ हाताशी होती, म्हणूनच टँकर चढले.

दुसरे मत विशेष वाघिणीच्या बाजूचे. पोलादाच्या पत्र्याची गुंडाळी साध्या सपाट पाठीवर नेताना लाकडी ठोकळे आणि साखळ्या लावाव्या लागतात. त्यात वेळ जातो, आणि गुंडाळी घसरण्याचा धोका राहतो. त्यासाठी केलेल्या बीएफएनएस वाघिणीत गुंडाळी बसेल अशा खाचा असतात. कंटेनरसाठी बीएलसीवर आपोआप अडकणारी कुलपे आहेत. जुन्या वाघिणीवर माणसाला प्रत्येक कुलूप हाताने फिरवावे लागे. वेळ वाचला की तीच वाघीण महिन्यात अधिक फेऱ्या करते. या मताच्या लोकांचे म्हणणे असे, की ऑक्सिजनसाठी खरी सोय कंटेनर-टाक्यांनीच केली. टँकर चढवणे हा तातडीचा मार्ग होता, कायमचा नव्हे.

दोन्ही मतांत तथ्य आहे, पण दोघांचा हिशेब वेगळ्या गोष्टीचा आहे. पहिले मत रिकामी धावणारी किलोमीटर मोजते, दुसरे मत यार्डात वाया जाणारे तास. पोलाद बहुतेक पूर्वेकडून पश्चिमेकडे येते. त्याची विशेष वाघीण परतीला रिकामीच जाते, कारण खाचांच्या पाठीवर दुसरे फारसे काही बसत नाही. कंटेनरची गत थोडी बरी. बंदराकडे आणि बंदराकडून दोन्ही दिशांनी तो चालतो, जरी सगळे कंटेनर भरलेले नसले तरी. म्हणून कंटेनरसाठी विशेष वाघीण आणि इतर अवजड मालासाठी सर्वसाधारण वाघीण असा तोडगा व्यवहारात आपसूक निघालेला दिसतो. माझा कल असा, की सर्वसाधारण सपाट वाघिणींचा काही साठा फायद्या-तोट्याचा हिशेब बाजूला ठेवूनही राखायला हवा. रुग्णवाहिका रिकामी उभी राहते म्हणून कुणी तिला मोडीत काढत नाही.

वाघीण कोणाची

२००६ पर्यंत कंटेनर गाड्या चालवण्याचे काम व्यवहारात कॉनकॉरकडेच होते. त्या वर्षी खासगी कंपन्यांना मुभा मिळाली. कंपनीने आपल्या वाघिणी आणायच्या, रेल्वेने इंजिन, मार्ग आणि कर्मचारी पुरवायचे आणि ओढण्याचे शुल्क घ्यायचे. २०१८ मध्ये सर्वसाधारण वाघिणींतही खासगी गुंतवणुकीची योजना आली.

बाजूने बोलणारे म्हणतात, की रेल्वेकडे पैसा नव्हता तेव्हा हजारो वाघिणी या वाटेने आल्या, आणि स्पर्धेमुळे ग्राहकाला पर्याय मिळाला. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे, की वाघीण एका मालकाची झाली की ती फक्त त्याच्या डेपोंमध्ये फिरते. दुसऱ्याचा माल शेजारी पडून असला तरी ती रिकामी परत येते. शुल्क ठरवणारी रेल्वे आणि कॉनकॉरची मोठी भागधारक असलेली सरकारी बाजू एकच, यावरही खासगी कंपन्यांची तक्रार असते. त्यावर सरकारी बाजूचे उत्तर असे, की मार्गाची देखभाल शेवटी रेल्वेच करते आणि शुल्काने तिचा खर्च निघायला हवा. मालकांनी आपसांत वाघिणी वाटून वापरण्याची पद्धत अजून रुजलेली नाही.

वाढवण, घोलवड, तारापूर

आता जिल्ह्याकडे येतो. १२ मार्च २०२४ रोजी पश्चिम डीएफसीचा न्यू मकरपुरा ते न्यू घोलवड हा २४४ किलोमीटरचा भाग राष्ट्राला अर्पण झाला. बडोद्यापासून डहाणू तालुक्यापर्यंत मालगाड्यांना स्वतंत्र रूळ मिळाले. वैतरणा ते जवाहरलाल नेहरू बंदर हा १०२ किलोमीटरचा तुकडा सर्वांत शेवटी राहिला. दुमजली गाडीचा खरा लाभ तिला बंदरापर्यंत पोहोचता आले तरच मिळतो. मध्येच कुठे वरचा कंटेनर उतरवावा लागला, तर वाचवलेला खर्च क्रेनच्या भाड्यात जातो. जुन्या मार्गावरही ताण आहे. एप्रिल २०१३ पासून चर्चगेट–डहाणू लोकल सुरू झाल्या, आणि विरार–डहाणू चौपदरीकरण पूर्ण होईपर्यंत लोकल, मेल आणि मालगाड्या दोनच रुळांवर एकमेकींची वाट अडवतात. मालगाड्या डीएफसीवर गेल्या तर पालघर आणि बोईसरच्या रोजच्या प्रवाशालाच मोकळीक मिळेल.

वाढवणची नियोजित क्षमता वर्षाला २ कोटी ३२ लाख कंटेनरांची, २० फुटी मापाने मोजलेली. बंदराविषयी मच्छीमारांचे, बागायतदारांचे आणि पर्यावरणाचे प्रश्न मोठे आहेत. ते या लेखाच्या कक्षेबाहेरचे, पण कमी महत्त्वाचे मुळीच नव्हेत. इथे फक्त वाघिणीचा हिशेब पाहू. अलीकडच्या वर्षांत न्हावाशेव्याच्या कंटेनरांपैकी पाचव्या भागाहूनही कमी रेल्वेने जातात. वाढवणला पूर्ण क्षमतेचा पाव हिस्सा रेल्वेवर आला असे धरले, तर रोज सुमारे १५,९०० कंटेनर होतात. एकमजली रेकने ते न्यायला दिवसाला १७७ गाड्या लागतील. दुमजली रेकने ८८. दोन दुमजली रेक जोडून दीड किलोमीटरची गाडी केली तर ४४. उरलेला पाऊण हिस्सा ट्रकवर, आणि तो आपल्याच रस्त्यांवर. वाघिणीच्या पाठीवर एक मजला की दोन, हा तांत्रिक तपशील मनोर आणि चारोटी नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला असा जाऊन भिडतो.

तारापूरच्या वसाहतीचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि तो सर्वांत कमी चर्चिला जातो. इथे मोठ्या कारखान्यांबरोबर रसायने, कापड, औषधे आणि पोलादाचे शेकडो मध्यम आणि लहान कारखाने आहेत. त्यांपैकी एकट्याने ४५ वाघिणींचा रेक भरेल असे थोडे. १९८० च्या दशकापर्यंत रेल्वे सुटी वाघीण घेई. पुढे पूर्ण रेकवर भर आला, गाड्या वेगाने धावू लागल्या, खर्च उतरला, आणि लहान माल ट्रककडे गेला. कंटेनरने हा तिढा काही अंशी सोडवला, कारण दहा कारखान्यांचे दहा कंटेनर एका रेकवर बसू शकतात. पण त्यासाठी कुणीतरी ते जवळच्या डेपोत गोळा करायला हवेत. उद्योजकांना असा डेपो जवळ हवा आहे. वाहतूकदारांना भीती आहे की त्यांचे काम लांबच्या फेरीवरून डेपोपर्यंतच्या छोट्या फेरीवर येईल. रेल्वेला आधी मालाची हमी हवी आहे. आणि ‘ट्रक ऑन ट्रेन’साठी लागतो तसा उतार न्यू घोलवडच्या आसपास झाला, तर बोईसरचा ट्रक क्रेनशिवाय थेट डीएफसीवर चढेल, असाही एक विचार मांडता येतो. टँकर-ट्रकांना पाठीवर घेणारी वाघीण आहे, उंच तार आहे, जिल्ह्याच्या हद्दीत मार्ग आहे. उताराची जागा, त्याचा खर्च कुणी करायचा आणि आठवड्याला किती ट्रक येतील याचा अंदाज, या तीन गोष्टी ठरायच्या आहेत.